भट्टीतली पोकळ जागा

३ डिसेंबर १९९३
मानवतला एस.टी.तून उतरलो आणि गावाबाहेरच्या कारखान्यात तपासनीस म्हणून रुजू झालो. विमानाचे भाग, तेही आपल्या परभणी जिल्ह्यात. काळ्या कार्बनच्या कापडाचे थर साच्यावर बसवायचे, वर प्लास्टिकची पिशवी चिकटवायची, पंपाने आतली हवा ओढायची आणि खोलीएवढ्या भट्टीत भाजायचं. मोठ्या कारखान्यांत यासाठी दाबाची टाकी असते. आमच्याकडे नाही, म्हणून हवेचा बुडबुडाही मागे राहता कामा नये. फोरमन किशनरावांनी चहा पाजला. म्हणाले, "तुमी शिकलेले, आमाला लय आधार झाला."

९ डिसेंबर
भाजून तयार झालेला कार्बनचा पत्रा नाण्याने ठोकून बघतो. भरीव असला तर आवाज खणखणीत, आत पोकळी असली तर बसका. आज पाच पत्र्यांत एकाच जागी बसका. खडूने कडा आखत गेलो. तळहात निघाला, पाच बोटांसकट.

१७ डिसेंबर
फाटकाशी रोज एक बाई बसते, सरजाबाई. तिचा नवरा आश्रुबा इथे भट्टी झाडायचा. ऑगस्टपासून बेपत्ता. मालक आबासाहेब म्हणाले, नामांतराच्या मोर्चाला गेला असेल, तुमची माणसं अशीच. 'तुमची' म्हणताना माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून पत्रे मोजत राहिलो. स्वतःचाच राग येतो.

२८ डिसेंबर
पत्रा ठोकला. आतून कुणीतरी उलट ठोकलं. तीनदा.

४ जानेवारी १९९४
किशनरावांना गाठलं. रडले. आश्रुबा आत झाडत होता. आबासाहेबांनी न बघताच दार लावलं, भट्टी पेटवली. आतून ठोकणं ऐकू आलं तेव्हा किशनरावांनी विचारलं, उघडू का. आबासाहेब म्हणाले, "माल वाया जाईल." प्रेत येलदरी धरणाच्या पाण्यात टाकलं.
सरजाबाईला मीच सांगितलं. ती रडली नाही. दारात आतून कडी का नव्हती, एवढंच विचारलं.

१५ जानेवारी, दुपार
काल विद्यापीठाचं नामांतर जाहीर झालं. आज आश्रुबाच्या मृत्यूची तक्रार आबासाहेबांसमोर ठेवली, पत्र्यातल्या ठोकण्यासकट. त्यांनी फाडली. भट्टीत काय भूत हाय का, म्हणत स्वतः आत शिरले.
दार लागलं. मी लावलं नाही — भट्टी पेटली, तीही —
आबासाहेब आतून ठोकतायत. माझा डावा हात बाहेरच्या कडीवर आहे. माझ्या बोटांवर दुसरी बोटं, चटका बसेल इतकी गरम —
तापमानाचा काटा नव्वदवर. भट्टी बंद करायचं बटण समोरच आहे. उजवा हात तिकडे न्यायचा, तर तो पेन सोडत नाही. लिहीतच —
खरं लिहू? हात मोकळा असता तरी मी —