सरकीच्या तेलाचा ड्रम

मिस्त्री,

तुम्हाला जाऊन पस्तीस वर्षं होत आली आणि मी आता लिहायला बसलोय. तुम्ही होतात तेव्हा रोज तुमच्या गॅरेजवरून जायचो, पण तोंडाला काय कुलूप लागलं होतं कोण जाणे. काल मालकांचा नातू आला होता. त्यानं ती लाल गाडी शेडमधून बाहेर काढलीय, तिला पुन्हा पहिल्यासारखी करायची म्हणतो. त्यानं एक प्रश्न विचारला, म्हणून आज कागद घेतला.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मालकांनी मुंबईहून कुण्या संस्थानिकाची जर्मन गाडी आणली. दोनच माणसं बसतील एवढी, पण अर्धी चिखली बघायला लोटली होती. मी तिचा ड्रायव्हर. गाडी चालवायला तुमच्याकडे शिकलो, नोकरीही तुमच्याच शब्दावर लागली. त्या गाडीला कार्बोरेटर नव्हता, एक पंप पेट्रोल मोजून थेट इंजिनात मारायचा. तुम्ही बॉनेट उघडून बराच वेळ नुसते बघत राहिलात आणि म्हणालात, "लय नाजूक काम हाय बे हे. इले चोख पेट्रोल पाजजो." मी हाव म्हटलं. आणि महिन्याभरात काय केलं? मालकांच्या शेतावरचा पेट्रोलचा ड्रम गळायला लागला, तर सरकीच्या तेलाचा रिकामा ड्रम घेतला, थोड्या पेट्रोलनं खळबळून धुतला आणि भरला. चिखलीला जाऊन दुसरा आणायचा कंटाळा, बाकी काही नाही. काय म्हणावं या अकलेला!

राजूरच्या घाटात गाडी आचके देत बंद पडली. ट्रकला दोर बांधून तुमच्या दारात आणली. तुम्ही पंपाच्या तोंडाची जाळी काढता. तिच्यावर पिवळा चिकट थर. तुम्ही त्याला बोट लावता, नाकाशी नेता आणि माझ्याकडे बघता. घरी बायको दुसऱ्यांदा पोटुशी, आणि मालक तर कारण नसताना माणूस हाकलणारे. ते दोन पावलांवर उभे आहेत. "काऊन मिस्त्री, काय झालं?" तुम्ही जाळी रॉकेलच्या डब्यात टाकता. "पंप गेला मालक. आतून धरला. पार्ट भेटत नाही याचा. कार्बोरेटर बसवून देतो."

"मी आणली तवा तर बरी होती!"

"जुना माल हाय मालक," तुम्ही म्हणालात.

तीन आठवडे लागले. जीपचे दोन कार्बोरेटर आणलेत, ते इंजिनाला जोडायला पाइप कापून वेल्डिंग करून घेतलंत, ते दोनदा तडकलं, तिसऱ्यांदा टिकलं. मग कानाला रबरी नळी लावून एकदा या कार्बोरेटरचा फुसकारा ऐकायचा, एकदा त्याचा, आणि दोन्ही सारखे होईपर्यंत स्क्रू हळूहळू फिरवायचा. त्या कामात एकदाच बोललात, तेही नळी कानाला तशीच ठेवून. "कार्बोरेटर माफ करते बे. कचरा अडकला त जेट काढला, फुकला, झालं. पंप माफ करत नसते. उद्यापासून पेट्रोल कापडानं गाळत जाय." मी खाली मान घालून हाव म्हटलं.

गाडी चालली, पण पहिला जोर काही आला नाही, चढावर धापा टाकायची. मालक गावभर सांगत सुटले, "जीपच्या मिस्त्रीनं माह्या वाघाची शेळी केली." हळूहळू मोठ्या लोकांच्या गाड्या तुमच्याकडून तुटल्या, बुलढाण्याला जायला लागल्या. एकदा स्टँडसमोरच्या हॉटेलात कुणीतरी तीच शेळीची थट्टा काढली. सगळे हसले. मीही हसलो, चांगला मोठ्यानं. वळून बघतो तर मागच्या बाकावर तुम्ही. बशीतला चहा संपवलात, उठलात, जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवलात. "गाडी बरी हाय ना?" मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं हो.

तुम्ही काढलेला पार्ट फडक्यात बांधून मालकाला परत द्यायचात. तो पंप अजून त्याच फडक्यात आहे. नातवानं काल माझ्यासमोर सोडला आणि विचारलं, "बाबा, आजोबा म्हणायचे चिखलीच्या मिस्त्रीनं गाडीची वाट लावली. खरं आहे का?" मालक नाहीत, नोकरी नाही, बायकोही गेली. खरं बोललो असतो तर माझं काय जाणार होतं? माझ्या तोंडून निघालं, "हाव."

तुमची मुलगी बुलढाण्याला असते. निदान तिनं तरी हे वाचावं म्हणून पाकीट आणलं. तिचा पत्ता मला पाठ आहे. पाकीट कोरंच आहे. मला अजून भीती वाटते, मिस्त्री.