डोक्यावर ढेकूळ घेऊन चाललेली हद्द

सर, ढेकूळ फुटल्याचा तो आवाज अजून कानात आहे. कोरडा, मडकं आपटावं तसा. पेणच्या खाडीकाठी आमच्या शेतात बाबा आणि काका बांधावरून एकमेकांच्या जिवावर उठले होते, आणि पंच म्हणून तुम्ही, आमचे कवितेचे मास्तर, अनवाणी आला होतात. रीत अशी, की पंचानं त्याच शेतातलं ढेकूळ डोक्यावर घेऊन चालायचं, भांडणाऱ्या दोघांनी मागून यायचं. पावलं पडतील ती हद्द. अर्ध्यावर काका ओरडला, "बांध माझा हाय! कापीन, पन सोडनार नाय!" बाबांवर उगारलेला कोयता मध्ये शिरलेल्या तुमच्या दंडात बसला. ढेकूळ पडून फुटलं. बाबांनी काकाच्या तोंडावर फावडं घातलं, दात मातीत. पेंढ्याच्या उडवीआड मी आणि काकाचा मुलगा, एकाच बाकावरचे, एकमेकांना घट्ट धरून बसलोय. तुम्ही डाव्या हातानं दुसरं ढेकूळ उचलता. कोपरावरून रक्त ठिबकतंय. "काय रे, दमलात? चला मागनं. मला अजून पेपर तपासायचेत." आणि दोघं चालले, एक तोंड धरून, एक शिव्या देत.

रोह्याला तुमच्या घरचा तेलाचा घाणा शनिवारी थांबायचा, म्हणून लोक तुम्हाला शनवार तेली म्हणत; तुमच्या लोकांसाठीचा ज्यू हा शब्द आम्हाला रेडिओनं शिकवला. दूर समुद्रापलीकडे एकाच जमिनीवर ज्यू आणि अरब दोघांचा हक्क, मोठी राष्ट्रं तोडगा काढतायत, असं तो सांगायचा. दंडाला फडकं बांधलेलं असताना तुम्ही फळ्यावर तो मुलूख काढलात आणि रेघ न मारताच खडू ठेवलात. "रेघ कुनीपन मारंल. चालनार कोन?" पुढे तुमचा मुलगा तिकडेच गेला. ठराव झाले, करार झाले, हस्तांदोलनं झाली. दर वेळी मी भाबडेपणानं गुळाचा खडा तोंडात टाकला, आणि तो विरघळण्याआधी कुठंतरी बस जळाली, कुठंतरी वस्ती. आता पुन्हा तिसऱ्याच देशात, गार दिवाणखान्यात, नकाशे पसरलेत. इकडे गणपती आले की तिकडून फोनवर "काका, मोदक झाले का?" विचारणारा तुमचा नातू. त्याच्या गावावर अग्निबाण पडल्यापासून त्याचा फोन बंद आहे.

तुमची हद्द टिकली, सर. पण त्या दिवसापासून काकाच्या घरचं कोणी आमचा उंबरा चढलं नाही, मयतालासुद्धा नाही. तुम्ही आता या जगात नाही, हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून एक सांगून टाकतो. तुमच्या नातवाला शोधायला मी टीव्ही लावतो, आणि पलीकडच्या बाजूला ढिगाऱ्यातून पोरं काढताना दाखवतात, तेव्हा त्यांच्यातही मी त्यालाच शोधत बसतो.

कडी वाजतेय. खिडकीतून दिसतोय काकाचा मुलगा, काठी टेकून, आमच्या उंबऱ्याबाहेर.

"उघड रे," म्हणतोय, "सरांच्या नातवाचा फोन तुला तरी लागला काय? माझा लागत नाय."