सातव्या बेडजवळ राहिलेली

७ नोव्हेंबर २०११
सकाळच्या गाडीनं लासूर स्टेशनहून आले, दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत ट्रंक टाकली आणि अकराला ड्यूटीवर उभी राहिले. पहिली नोकरी, तीही औरंगाबादेत! बायकांचा वॉर्ड, चोवीस बेड. थोरल्या सिस्टर फहमिदाआपांनी माझं नाव विचारलं आणि लगेच विसरल्या. इथं सगळ्यांचं नाव सिस्टरच, असं हसून म्हणाल्या. चालेल. सातव्या बेडवर दौलताबादच्या वच्छलाबाई आहेत, साखरेमुळं पायाची जखम भरत नाही. मी त्यांच्या लेकीसारखी दिसते म्हणे. माझ्या खिशात एक पेरू कोंबला.

११ नोव्हेंबर
औषधांचा ट्रे हातात घेतला की सगळ्या वॉर्डाला नेमकी माझी आठवण येते. आज मोजलं. दुपारच्या एका फेरीत सतरा हाका. सलाइन संपलं, पंखा फिरत नाही, पास कुठं मिळतो, फोन घ्या, डॉक्टरसाहेब बोलावतात. मी सिरिंज भरत असताना एका पाहुण्यानं किती वाजले ते विचारलं; घड्याळ त्याच्याच डोक्यावर होतं. परत आल्यावर कुठवर आले होते तेच आठवत नाही. पायांपेक्षा डोकं जास्त दुखतं. फहमिदाआपा म्हणाल्या, आदत हो जाती बेटा.

१६ नोव्हेंबर
वच्छलाबाईंचं इन्सुलिन भरलं आणि फोनसाठी हाक आली. परत येऊन वाकले तर त्यांनी हात मागं घेतला. आत्ताच तर टोचून गेल्या की तुम्ही, आता पुन्हा कशापायी, म्हणाल्या. मी तर फोनवर होते. माझ्या हातातली सिरिंज भरलेली होती. वापरलेल्या सुयांच्या डब्यात दुसरी होती, रिकामी. चार्टवर सही माझी, वळणासकट. दमले असेन. त्यांनी हात मागं घेतला म्हणून बरं.

१९ नोव्हेंबर
झाडूपोछा करणाऱ्या साळूबाई मावशींना सहज सांगितलं. त्या म्हणाल्या, अर्ध्या ताटावरून उठू नये, तसं अर्ध्या कामावरूनबी उठू नये. उठलं की आपल्यातलं एक जण तिथंच राहतं अन् ते काम पुरं करतं. मी हसले. दुपारी डॉक्टरांची हाक आली तेव्हा दाराशी वळून पाहिलं. सातव्या बेडशी पांढऱ्या गणवेशात एक जण वाकली होती. टाचेला दोरा बांधलेली चप्पल. तशी चप्पल या वॉर्डात माझी एकटीचीच आहे.

२२ नोव्हेंबर
आज हाकेहून परतले, आधी चार्ट पाहिला. सही नव्हती. वच्छलाबाई झोपल्या होत्या. इन्सुलिन दिलं. तासाभरात त्या घामानं भिजल्या, ओठ पांढरे पडले. शिरेतून ग्लुकोज दिलं तेव्हा वाचल्या. चार्टवर आता दोन सह्या, दोन्ही माझ्या. शुद्धीवर आल्या आणि म्हणाल्या, दोघी आल्या होत्या, दोघी तुम्हीच. साखर उतरली की भास होतात, असं डॉक्टर म्हणाले. मला निष्काळजीपणाची चिठ्ठी मिळाली. माझी चूक असती तर बरं झालं असतं.

२४ नोव्हेंबर
आज सकाळी एकाही हाकेला गेले नाही. बाराव्या बेडचं सलाइन संपून नळीत रक्त चढलं. नातेवाईक म्हणाले, सिस्टर माजली. फहमिदाआपा रागावल्या. दुपारी गेले — चार हाका. चौघी राहिल्या.

२५ नोव्हेंबर
खिडकीशी एक. बारा नंबरशी एक. कोणी बोलत नाही. वाकून काम करतात. फार दमलेल्या दिसतात. मला त्यांची कीव येते — मला माझी —

२६ नोव्हेंबर, दुपार
वॉर्डातल्या टेबलाशी बसून लिहिते आहे. वच्छलाबाईंचं इन्सुलिन आज मी दिलं. मधे उठले नाही. सही केली. ट्रे कपाटात, कुलूप लावलं, किल्ली मुठीत.

सातव्या बेडशी ती उभी आहे. हातात भरलेली सिरिंज. कुठून आली — वच्छलाबाई झोपल्यात.

अडवायला हवं. बारा पावलं आहेत. मधे कोणी हाक मारू नये, एवढंच. लिहिणं अर्धं टाकून उठले.

माझी पाठ दिसते आहे. तिकडं जाताना. चप्पल, दोरा.

मग इथं लिहिते आहे ती —

उठता येत नाही. हात थांबत नाही, लिहितोच आहे. दारातून कोणीतरी सिस्टर म्हणालं. जाणारी थांबली. वळली. नको वळूस. आठच पावलं राहिलीत —

वच्छलाबाई, उठा. हात मागं घ्या. मी ओरडते आहे आणि नुसतं लिहिलं जातंय. हात मागं —