अर्चनाची उत्तरचाचणी राहिली

६ जाने., मंगळ.
वाचन सुधारायच्या कृतिसंशोधनाची पूर्वचाचणी घेतली, पाचवीची. उताऱ्यात स्वच्छ लिहिलंय, राजूला ताप आला. प्रश्न : राजू शाळेत का आला नाही? अर्ध्या वर्गाचं उत्तर : गुरांना वाढं आणायला गेला. वाचलं धडाधडा, उत्तर मात्र घरच्या गोठ्यातलं. हसावं की कपाळ बडवावं.
अर्चनाचा कागद कोरा. ऊसतोडीच्या टोळीतली, दिवाळीनंतर आलेली. अक्षरं जुळवतानाच दमते.

१२ जाने., सोम.
उपाय ठरवला. एक वाक्य वाचायचं, थांबायचं, डोळे मिटायचे. काय घडलं ते दिसलं की मगच पुढचं. आदित्य डोळे मिटून झोपलाच. हेडसर दारातून, "मॅडम, हे ध्यानाचं खूळ कुठनं आणलं?" अहवाल वर गेला की फोटोत हेडसरच पुढं.

२३ जाने., शुक्र.
अर्चना वाचायला लागली! रडतखडत, पण वाचते. विहिरीत पडलेल्या शेळीचा उतारा होता. 'शेळीचा आवाज थांबला' इथं थांबली, डोळे मिटले. म्हणाली, "बाई, ती दमली आसंल. वरडून वरडून." असं पुस्तकात कुठंही नाही. तिचं तिनं ओळखलं. भरून आलं मला. बारामतीला घरी येईपर्यंत तेच डोक्यात.

३ फेब्रु., मंगळ.
शाळा सुटल्यावर टोळीच्या कोप्यांवर गेले, पाचटाच्या झोपड्या नुसत्या. अर्चनाची आई मंदाबाई नुकती उसाच्या फडातून आलेली. म्हटलं, पुढच्या हंगामात पोरीला गावाकडंच ठेवा, वसतिगृहात.
"वाचाया येतंय का तिला? येत आसंल तर ठिवते बाई. न्हाय तर माझ्या हाताखाली मोळ्या बांधंल."
येतंय म्हटलं. छातीठोकपणे. अर्चना चुलीपाशी बसून ऐकत होती.

१७ फेब्रु., मंगळ.
ऊस संपत आला, कारखान्याचा पट्टा लवकर पडणार, गाळप बंद. टोळी रविवारी निघणार, उत्तरचाचणी मार्चात. अर्चनाची आधी घेते म्हटलं, तर हेडसर : "सगळ्यांची एकाच दिवशी. तिला वगळा, आकडे बिघडायला नकोत." आकडे!

२० फेब्रु., शुक्र.
अर्चना आली नाही. कोप्यांवर गेले, तर मंदाबाई तोंडच फिरवून बसली.
"खोटं का बोललात बाई? रातच्याला मुकादमानं समद्यांम्होरं वाचाया लावलं तिला. एक वळ वाचली की गप. डोळं मिटून हुबी. परत एक वळ, परत गप. समदी हसाया लागली."
ते मीच शिकवलंय, ती अडत नव्हती, समजून घेत होती, नाना परीनं सांगितलं.
"थांबून वाचत्यात व्हय कुनी? मुकादम शिकल्याला हाय. त्याला कळत न्हाय व्हय?"
अर्चनाला म्हटलं, बाळा, काय वाचलंस ते सांग आईला. मान वर केली नाही. दोनदा विचारलं. मग मलाच रडू यायला लागलं, निघाले.

२२ फेब्रु., रवि.
सुट्टी असून गेले. ट्रक भरत होते. गोष्टीचं पुस्तक दिलं, तिनं घेऊन बोचक्यात खोचलं. मंदाबाईंचा नंबर घेतला. वसतिगृहाचं विचारलं. "बघू की दिवाळीला."

१० मार्च, मंगळ.
उत्तरचाचणी झाली. वर्ग चांगलाच सुधारलाय. केंद्रप्रमुख खूश, जिल्ह्याला पाठवू म्हणाले. अर्चनाच्या रकान्यात हेडसरांनी स्वतःच लिहिलं, 'स्थलांतरित'. पेढा दिला कुणीतरी. खाल्ला.

२१ मार्च, शनि.
आज मंदाबाईंना फोन लागला एकदाचा.
"अर्चना वाचते का हो?"
"वाचती की. आता थांबत न्हाय बाई. मी दटावलं, थांबलीस तर मोळ्या बांधाया न्हेईन. सरळ भराभरा वाचती. मुकादमबी म्हनला, सुधारली."
"मग ठेवणार ना वसतिगृहात?"
"ठिवीन म्हनते आता. बघू."
काय वाचलं ते तिला विचारत जा, हे ओठांवर आलं होतं. पण विचारलं आणि पोर पुन्हा थांबली तर?
बरं झालं म्हटलं, आणि फोन ठेवला.