डावे मागचे मडगार्ड

३ मार्च, सकाळी ७

ही वही मला धाकट्या भावाने लिहायला लावली. काल घरी येऊन म्हणाला, "ताई, तू घडलेलं विसरत नाहीस, तुला हवं तसं लावून घेतेस." मला! म्हणून आजपासून तारीखवार नोंद. पुन्हा असे बोलला तर यातून वाचून दाखवीन. वही मात्र हातात देणार नाही.

विषय : बाबांची गाडी. बावन्न वर्षांची. नवा रंग द्यायचा आहे. पेंटर म्हणाला, आधी सगळी पत्र्यापर्यंत घासून काढतो. मी सांगितले, घासणार मी, तुम्ही फक्त रंग मारा. बाबांच्या गाडीला परका माणूस खरवडणार नाही. एवढेच कारण. दुसरे काही नाही.

धाकटा हसला. मी जागच्या जागी लिहून दिले : चौदा तारखेला गाडी घासून तयार नसेल तर गाडी त्याची, कायमची. खाली सही.

त्याला बाबांनी आयुष्यात किल्ली दिली नाही. पंधराव्या वर्षी त्याने डाव्या मागच्या मडगार्डाचा ताटलीएवढा ढपला पाडला. वर तोंड करून सांगतो, "फक्त सायकल टेकवली होती!" सायकल टेकवून गाडी फुटते का? बाबांनीही हेच विचारले. मी तेव्हा तिथेच उभी होते. काही बोलले नाही. दोघांच्या मध्ये बोलण्याची माझी सवय नाही.

४ मार्च

योजना. चार दारे, चार मडगार्डे, बॉनेट, डिकी. भाग दहा, दिवस दहा. टप दुपारच्या फावल्या वेळात. हे कुणालाही सुचले नव्हते. अर्थशास्त्राची फर्स्ट क्लास पदवी उगाच मिळत नाही.

सुरुवात बॉनेटपासून, मग उजवी बाजू. डावे मागचे मडगार्ड सर्वांत शेवटी. तेच शास्त्रशुद्ध आहे.

५ मार्च

बॉनेटचा पाव भाग झाला. पॉलिश पेपर निकृष्ट. स्टूल बुटके. खांदा स्टुलामुळे दुखतो, वयामुळे नाही.

निळ्याखाली क्रीम रंग निघाला. गाडी घेतली तेव्हाचा. मी कॉलेजात होते तेव्हा गाडी क्रीमच होती. चालवणारे दोघेच, बाबा आणि मी. माझ्या हातून एक ओरखडाही नाही.

७ मार्च

पेंटर बघायला आला. डोळे मिटून बॉनेटवरून तळहात फिरवला, जसे काही म्हैस विकत घेतो आहे. म्हणाला, "बाई, इथे खड्डा, इथे उंचवटा, इथे तुम्ही जास्तच घासलंय." मी म्हटले, मी डोळे उघडे ठेवून काम करते. फूटपट्टी लावून दाखवली. तो फूटपट्टीकडे बघून बॉनेटची माफी मागावी तसा पुन्हा एकदा हात फिरवून गेला.

उद्धट.

८ मार्च

त्यानेच दिलेला वॉटर पेपर वापरला. पाणी ओतत घासायचे. झकास. बॉनेट आरशासारखे. वर प्लास्टिक झाकून ठेवले. उद्यापासून वेग दुप्पट.

९ मार्च, सकाळी ६

प्लास्टिक काढले. अख्खे बॉनेट नारिंगी. गंज!

पेंटरला फोन. म्हणाला, "उघडा पत्रा ओला ठेवलात? लगेच पुसून प्रायमर मारायचा असतो हो, बाई." मग हे आधी सांगायला तोंड शिवले होते? पेपरवर कुठेही "नंतर पुसा" असे छापलेले नाही. दोन्ही बाजू पाहिल्या.

११ मार्च

तीन दिवसांत बॉनेट परत. शिवाय एक दार. भाग झाले दोन. योजना चुकलेली नाही, दिवस लहान आहेत.

हे चहा घेऊन आले आणि गाडीला प्रदक्षिणा घालून म्हणाले, "डावी बाजू राहिलीच की. मी घासू का?" एवढ्या जोरात ओरडण्याची गरज नव्हती, असे त्यांचे म्हणणे. मी ओरडले नाही. स्पष्ट बोलले.

१२ मार्च

आज धाकटा आणि पेंटर दोघे एकदम आले. न सांगता.

पेंटरने खिशातून लोहचुंबक काढले. पत्रा असेल तिथे चिकटते, पुट्टी असेल तिथे पडते. प्रत्येक दाराला चिकटले. डाव्या मागच्या मडगार्डाला लावले, खाली पडले. पुन्हा लावले, पुन्हा पडले. त्याने बोटाच्या पेराने टकटक केली. एवढा मोठा ढपला सुटून त्याच्या पायावर.

मागे भोक. भोकात पुट्टीला आधार म्हणून कागदाचा बोळा.

पेंटर म्हणाला, "ही दोनदा भरलीय. वरची पुट्टी निळ्या रंगावर. खालची निळ्याच्या आतली, क्रीमच्या वेळची. घाईत भरलेली. पत्रा ठोकून सरळ करायचेही कष्ट घेतले नाहीत."

धाकटा म्हणाला, "क्रीम होती तेव्हा मी तेरा वर्षांचा. माझे पाय तरी पोचत होते का ब्रेकला?"

मग त्याने बोळा उलगडला. कॉलेजचे ट्यूटोरियल. अर्थशास्त्र, दुसरे वर्ष. रोल नंबर सत्तेचाळीस.

त्याने तिन्ही पाने बॉनेटवर सरळ केली. धाकटा म्हणाला, "ताई, वीसपैकी सात?"

१३ मार्च

सत्तेचाळीस नंबरची मुलगी कॉलेजात दरवर्षी एक असते. अक्षराचेही तेच. त्या काळी सगळ्यांचे अक्षर चांगले असे.

आणि तो विषय शिकवणारे सर पक्षपाती होते.

खरा दोषी तो कॉलेजमागचा मेकॅनिक. छातीठोक म्हणाला होता, जन्मभर टिकेल, घरी कुणाला कळणार नाही. दोन वर्षांत साधी सायकल टेकवली तर ढपला पडला. कामाला काही दर्जा?

हे वाचून पाहिले. खोडणार होते. पण तारीखवार वहीत खाडाखोड करायची नसते.

धाकट्याचा फोन नाही. तो भांडला असता तर बरे झाले असते. भांडणात मी कधी हरलेले नाही.

१४ मार्च, सायंकाळी ५

गाडी तयार नाही. धाकटा आला. म्हणाला, "राहू दे ताई, तो कागद फाडून टाकतो, पुढच्या महिन्यात बघू." मी सांगितले, माझी सही आहे. दया दाखवायची असेल तर दुसऱ्या घरी.

तो चालकाच्या जागेवर बसला. पहिल्यांदाच. त्या सायकलीनंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी. आधी आरसा पुसला, मग डोळे. मी अंगणातला नळ गळतो का ते बघायला गेले. गळत नव्हता.

सुपूर्द केले :

गाडी एक, घासलेले भाग दोन.
किल्ल्या दोन, बाबांच्या चामडी कव्हरासह.
पॉलिश पेपर, न वापरलेले, एकोणीस.
लोहचुंबक एक (पेंटरचे, त्याला परत करणे).
ट्यूटोरियल पाने तीन. त्याने मागून घेतली.
ही वही मागितली. दिली नाही.

शेरा : डाव्या मागच्या मडगार्डाचे नुकसान जुने आहे. घेणाऱ्याने केलेले नाही.

देणार : ताई.