बॅसिलस शेरगाझी

८ जुलै, सकाळ
संकल्प. या सुट्टीत एक तरी नवा जंतू शोधायचा आणि त्याला आपलं नाव द्यायचं. आयुष्यभर नारीनच्या शाळेत पोरांना जीवशास्त्र शिकवलं, पदरात काय? शाळेनं भंगारात काढलेला मायक्रोस्कोप.

दुपार
तांबडी गाय थरथरून खाली बसली. धाकटा भाऊ कुबात सुरी घेऊन धावला. जीव जाण्याआधी सुरी फिरली म्हणून बरं, नाहीतर मांस हराम. कातडं त्यानंच सोललं. रीतीप्रमाणे शेजारी वाटे गेले.
बायको बुरुलकान म्हणाली, अहो, आधी गुरांच्या डॉक्टरला बोलवा. म्हटलं, तो सगळं जाळायला लावेल. घरात जीवशास्त्राचा मास्तर बसलाय तो काय शोभेला? रक्ताचा थेंब काचेवर घेतला.

संध्याकाळ
सापडला. काड्या, एकामागे एक जोडलेल्या. एकही हलत नाही. तळ्यातले जंतू शेपूट फिरवत अन्नाचा माग काढतात. हा ढिम्म. घोडीच्या आंबवलेल्या दुधातले, कुमिसमधलेही असेच ढिम्म असतात आणि ते आपण वाडगे भरभरून पितो. म्हणजे निरुपद्रवी. नाव ठरलं. खुशाल खा म्हणून शेजाऱ्यांना सांगून आलो.

११ जुलै
कुबातच्या मनगटावर फोड. खाजतोय म्हणाला. माशी चावली असणार.
राजधानीत, बिश्केकच्या विद्यापीठाला पाठवायचा जंतूवरचा निबंध सुरू. पहिलं वाक्य जमत नाही.

१३ जुलै
फोडावर काळी खपली. दुखतं का विचारलं, नाही म्हणाला. दुखत नाही म्हणजे बरं होतंय. बायकोचं एकच टुमणं, दवाखान्यात न्या. तिथे गाईचं विचारतील, गावभर बोभाटा होईल. कुबात म्हणाला, राहू दे वहिनी, दादाला जास्त कळतं. गुणी पोरगा.

१५ जुलै
वाळलेल्या रक्तात काड्या नाहीत, नुसते चकाकणारे दाणे. उपासमारीनं मेले बिचारे. थोडे उकळून पाहिले, दाणे तसेच. नोंद केली: मेल्यावरही देह टिकतो, विशेष गुण.
कुबातचा हात कोपरापर्यंत सुजलाय. ताप. मेंढीची चरबी चोळली.

१६ जुलै
कुबात मला ओळखत नाही. बुरुलकाननं मला न विचारता शेजाऱ्याची गाडी आणली. आततायी बाई.

१८ जुलै
तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी खपली बघूनच सांगितलं, काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स, गाईकडूनच आलेला. जंतूला नाव केव्हाच पडलेलं आहे. दाणेही मेलेले नव्हते. अन्न संपल्याचं कळलं की हा जंतू कवच चढवून झोपतो, मातीत पिढ्यानपिढ्या. फोड आला तेव्हाच आणला असता तर पोरगा वाचला असता, म्हणाल्या. मी म्हटलं, दुखत नव्हतं हो त्याला.
कुबात सकाळी गेला.

२६ जुलै
शेजाऱ्यांना गोळ्या दिल्या. उरलंसुरलं मांस, कातडं जाळून पुरलं, चुना टाकला, कुंपण घातलं. इथे जनावर चारायचं नाही, कधीच नाही. पाटीवर लिहायला जागेचं नाव काय, असं सरकारी माणसानं विचारलं. गावानं ते आधीच ठेवलं होतं. शेरगाझीचा खड्डा. नकाशावरही तेच चढलं.
कुबातची बायको पाण्याला जाताना त्या कुंपणाला लांबून वळसा घालते. आज आमच्या दारालाही घातला.