चौथीचा वर्ग खाली घ्या

चिरंजीव बाळूस, सिंगापूरहून आईचे आशीर्वाद.

तुझ्या विसरण्याची कमाल आहे बाबा! फोनवर म्हशीला रेडकू झालं ते सांगितलंस, आणि स्वतःच्या लेकीची, सुमेधाची शाळा बंद झाली ते विसरलास. तुझी बायको बोलली म्हणून कळलं.

मी बरी आहे. इथली लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबते, मग एकदम आठव्या. आपला फ्लॅट सहाव्यावर. गुडघ्यांना जिना जमत नाही, म्हणून महिनाभर वरच आहे. तुझा दादा म्हणतो, "आई, तू आरामात घरी बस." खाली बाकावर म्हाताऱ्या गप्पा मारताना दिसतात. भाषा कळत नाही, तरी त्यांच्यात जाऊन बसावंसं वाटतं.

सुमेधालाही गुरुजी हेच म्हणाले ना? चौथीचा वर्ग माडीवर गेला, पोरीचे पाय अधू, तर तिला घरी आराम करू द्या, हजेरी मी लावतो. बाळू, असल्या आरामात दिवस संपता संपत नाही. ती तर नऊच वर्षांची आहे. दिवसभर काय करते रे? रडते का?

गुरुजींना सांग, चौथी खाली घ्या. दुसरीची पोरं माडीवर उड्या मारत जातील. तुझी जीभ रेटत नसेल तर हे पत्र त्यांच्यापुढे धर.

दादाची लेक ऋता हे लिहून देते आहे आणि माझ्या शिव्या गाळते आहे. सुमेधाला आपलं पत्र स्वतःच्या हाताने लिहिता आलं पाहिजे, शिव्यांसकट.

इकडे काही पाठवू नकोस. जी पोरं बाकं खाली उतरवतील त्यांच्यासाठी शाळेत शेंगदाण्याचे लाडू पाठव. सुमेधाचा लाडू मात्र ती वर्गात बसल्यावरच तिच्या हातात द्यायचा.

तुझी आई